स्पीकर कुठे ठेवायचा? चुंबक, पासबुक आणि अलिबागची वेधशाळा

आजचा विषय आहे स्पीकर ठेवण्याच्या जागेचा. ऐकायला अगदी साधा वाटतो. पण गटाच्या बैठकांना गेलं की या विषयावर आम्हाला हमखास प्रश्न येतात. स्पीकरजवळ मोबाइल ठेवला तर बिघडतो का? गटाचं पासबुक मशीन वाचत नाही, ते कपाटातल्या स्पीकरमुळे झालं का? सासऱ्यांच्या छातीत मशीन बसवलंय, हळदीच्या डीजेपाशी त्यांना बसवायचं का? एका घरात भीती इतकी की टीव्हीच्या शेजारी काहीच ठेवत नाहीत, आणि दुसऱ्या घरात आजीच्या ओव्यांची कॅसेट थेट स्पीकरच्या पाठीला टेकवून ठेवलेली असते. म्हणून आज आपण हे नीट समजून घेऊ. कशाला जपायचं, कशाला नाही, आणि किती लांब म्हणजे पुरेसं लांब.

स्पीकरच्या पोटात काय असतं

कुठलाही स्पीकर घ्या, कॉम्प्युटरचा डबीएवढा असो की मांडवातला माणसाच्या उंचीचा. आत तीन मुख्य वस्तू असतात. समोर कागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा. त्या पडद्याच्या मागे चिकटवलेली बारीक तारेची गुंडाळी. आणि त्या गुंडाळीभोवती काळ्या रंगाचा, चकतीसारखा जाड लोहचुंबक. तारेतून गाण्याचा विजेचा प्रवाह गेला की गुंडाळी स्वतःच तेवढ्यापुरती चुंबक बनते. मोठा चुंबक तिला कधी ओढतो, कधी ढकलतो. पडदा थरथरतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. तो काळा चुंबक कायमचा आहे. गाणं बंद केलं, वायर काढली, स्पीकर माळ्यावर टाकला, तरी चुंबकाचं काम चालूच राहतं. म्हणून ‘बंद आहे, मग काही होणार नाही’ हे इथे चालत नाही. स्पीकर बिघडला, आवाज गेला, तरी चुंबक शाबूत असतो.

चुंबकाचा जोर त्याच्या अंगापुरता नसतो. तो आजूबाजूला पसरलेला असतो, जसा चुलीचा धग चुलीच्या भोवती पसरतो. या पसाऱ्याला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. काही स्पीकरमध्ये हा पसारा आतच अडवायची सोय केलेली असते. मुख्य चुंबकाच्या पाठीला दुसरा चुंबक उलट्या तोंडाने चिकटवतात आणि वर लोखंडी वाटी बसवतात. बाहेर जाणारा जोर त्यामुळे बराचसा आतच जिरतो. अशा स्पीकरला शिल्डेड म्हणतात. आपण त्याला झाकलेला स्पीकर म्हणू. पूर्वी कॉम्प्युटरबरोबर जे छोटे स्पीकर मिळायचे, त्यांतले बरेच असे झाकलेले असत, कारण ते जुन्या फुगीर मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे असत. आता पडदे चपटे आले. त्यांना चुंबकाचा त्रास होत नाही, म्हणून कंपन्या ती वाटी बसवायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. मांडवातले मोठे स्पीकर, गाडीतून काढलेले स्पीकर, जुन्या बाजारातून आणलेले सुटे स्पीकर, हे बहुतेक उघडेच समजायचे.

शंभर वर्षांपूर्वीचा हाच प्रश्न

चुंबकाला जपणाऱ्या वस्तू आणि चुंबकाचा उपद्रव करणाऱ्या वस्तू शेजारी शेजारी आल्या तर काय करायचं, हा प्रश्न आपल्या भागात फार पूर्वी एकदा मोठ्या प्रमाणावर आला होता. त्याचं उत्तर आजही अलिबागला उभं आहे.

आपली पृथ्वी हीसुद्धा एक चुंबक आहे. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते ती त्यामुळेच. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या या चुंबकाचं मोजमाप सुरू झालं. हे चुंबकत्व रोज थोडं थोडं बदलतं. सूर्यावर मोठी खळबळ झाली की एकदम जास्त बदलतं. २ सप्टेंबर १८५९ ला असंच एक फार मोठं चुंबकीय वादळ आलं होतं आणि त्याची नोंद कुलाब्याच्या वहीत झाली. जगभरचे शास्त्रज्ञ आजही ती नोंद काढून अभ्यासतात. आता हे बघा, एवढ्या मोठ्या वादळातसुद्धा पृथ्वीचं चुंबकत्व आपल्याकडे शेकड्याला चार-पाच भाग इतकंच खाली आलं. रोजचे बदल तर त्याहून कितीतरी लहान. म्हणजे ती यंत्रं किती नाजूक असतील!

मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. घोड्यांचा यंत्रांना काही त्रास नव्हता. पुढे विजेची ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या ट्राममध्ये प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि खालच्या रुळांतून परत जातो. रुळांतला थोडा प्रवाह जमिनीतही पाझरतो. जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व आलंच. ट्राम आली की सुई हलणार, ट्राम गेली की सुई हलणार. मग वहीत पृथ्वीची नोंद व्हायची की ट्रामच्या फेऱ्यांची?

त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभाई मूस. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. शहराला ट्राम हवी होती आणि शास्त्राला शांत जागा हवी होती. दोन्ही गरजा खऱ्या होत्या. तेव्हा यंत्रांनाच दूर न्यायचं ठरलं. कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबागला, १९०४ साली नवी वेधशाळा सुरू झाली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड वापरला, तोही त्यात चुंबकाचा गुण नाही ना हे तपासून. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ साली. तोवर यंत्रं अलिबागला स्थिरावली होती.

यातला एक भाग बचत गटाच्या बायांना लगेच पटेल. अलिबागचं काम सुरू झालं म्हणून कुलाब्याचं काम त्याच दिवशी बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं, दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. आपण गटाची जुनी वही संपली की नव्या वहीत शिल्लक ओढतो, दोन्ही वह्या समोर ठेवून ताळा करतो, तसंच. त्यामुळे कुलाब्याच्या नोंदींना अलिबागच्या नोंदी बिनचूक जोडता आल्या. १८४१ पासूनची ही साखळी जगातल्या अशा मोठ्या नोंदींपैकी एक आहे. आज हे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. ही संस्था १९७१ साली स्वायत्त झाली आणि तिचं मुख्य ठिकाण आपल्या नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे. पनवेलहून कळंबोलीकडे जाताना आपल्यातल्या कितीतरी जणी त्या बाजूने गेल्या असतील.

या सगळ्यातून आपल्या घरासाठी एकच शिकवण घ्यायची. चुंबकावर सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे अंतर. चुंबकाला कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या डब्यात ठेवून, लाकडी कपाटात बंद करून काही होत नाही. कापड, लाकूड, प्लास्टिक, काच यांतून चुंबकाचा जोर आरपार जातो.

अंतराचा हिशोब

अंतर वाढवलं की चुंबकाचा जोर किती कमी होतो? आपल्याला वाटतं, अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा होईल. तसं होत नाही. तो त्याहून कितीतरी झपाट्याने कमी होतो. चुंबकापासून थोडं बाहेर आलो की अंतर दुप्पट केल्यावर जोर आठवा हिस्सा उरतो. तिप्पट केल्यावर सत्ताविसावा हिस्सा.

हे वितीने मोजू. समजा स्पीकरपासून एक वीत अंतरावर जोर रुपयाभर आहे. दोन वितींवर तो साडेबारा पैसे राहील. तीन वितींवर चार पैशांच्याही आत. म्हणून घर मोठं नाही, खोली एकच आहे, म्हणून घाबरायचं कारण नाही. एका खोलीतही दोन-तीन वीत अंतर सहज मिळतं. वस्तू स्पीकरला चिकटलेली असणं आणि हातभर लांब असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रांगोळीची रेघ

आता आपल्याच घरातल्या स्पीकरचा पसारा किती, हे मोजून पाहू. गटाच्या पुढच्या बैठकीत हे करायला मजा येईल, मुलींनाही शिकता येईल.

एक शिवणाची सुई घ्या. कुठलाही लहान चुंबक घ्या, सांडलेल्या टाचण्या उचलायला शिवणाच्या डब्यात ठेवतो तोसुद्धा चालेल. चुंबक सुईवरून नेढ्याकडून टोकाकडे ओढा. परत नेताना उचलून न्या, मागे-पुढे घासू नका. असं तीसेक वेळा करा. मग थर्माकोलच्या छोट्या तुकड्यावर किंवा एखाद्या हलक्या पानावर सुई आडवी ठेवा आणि प्लास्टिकच्या टबात पाण्यावर सोडा. लोखंडी घमेलं घेऊ नका. सुई हळूहळू फिरून उत्तर-दक्षिण उभी राहील. तुम्ही घरच्या घरी होकायंत्र बनवलंत. शाळेतलं होकायंत्र मिळालं तर आणखी चांगलं. लोखंडी खाट, कपाट आणि मोबाइल जरा लांब ठेवा.

आता बंद स्पीकर सुईच्या पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून हळूहळू जवळ आणा. सुई जिथे पहिल्यांदा जागची हलते तिथे थांबा. अंतर वितीने मोजा. मग स्पीकर फिरवा. पाठीकडून, बाजूने, तोंडाकडून, असं चारही बाजूंनी मोजा. सगळ्यात जास्त जे अंतर येईल ते धरून स्पीकरच्या भोवती रांगोळीने गोल रेघ काढा. झाकलेला स्पीकर असेल तर रेघ अगदी जवळ येईल. उघडा आणि मोठा असेल तर रेघ लांब जाईल.

या रेघेच्या बाहेर कुठलीही नाजूक वस्तू ठेवा, ती चुंबकापासून सुरक्षित आहे. कारण सुई फार हलक्या जोरालाही ओळखते. पासबुकाची पट्टी किंवा कॅसेट बिघडायला त्याच्या कितीतरी पट जास्त जोर लागतो. म्हणजे आपली रेघ गरजेपेक्षा जास्तच सावध आहे, आणि ते बरंच आहे.

कशाला जपायचं

पहिली वस्तू, काळ्या पट्टीचं पासबुक आणि जुनं कार्ड. काही बँकांच्या पासबुकाच्या मागे तपकिरी किंवा काळी पट्टी असते. एन्ट्री मारायचं मशीन ती पट्टी वाचतं. त्या पट्टीत चुंबकाचे बारीक बारीक कण असतात आणि त्यांच्या मांडणीत तुमचा खाते क्रमांक लिहिलेला असतो. चुंबक चिकटून राहिला की मांडणी विस्कटते आणि मशीन पासबुक बाहेर टाकतं. स्पीकरपेक्षाही इथे जास्त उपद्रव होतो तो चुंबकाच्या बटणाच्या पर्सचा आणि चुंबकाचं झाकण असलेल्या मोबाइल कव्हरचा. त्यात पासबुक, कार्ड खुपसून ठेवू नका. एक मात्र ध्यानात घ्या. पट्टी बिघडली म्हणून पैसे जात नाहीत. पैशाची नोंद बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये असते. बँकेत जाऊन सांगितलं की पासबुक दुरुस्त करून किंवा नवं करून देतात. ‘पट्टी पुसली, आता पैसे काढायला अमुक द्यावे लागतील’ असं कुणी सांगितलं तर तो फसवतोय असं समजा. ज्या पासबुकावर पट्टीऐवजी उभ्या रेघांचा बारकोड असतो, त्याला चुंबकाने काही होत नाही. एटीएम कार्डाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या अखेरपर्यंत नुसत्या पट्टीची कार्डं बदलून चिपची कार्डं द्यायला बँकांना सांगितलं होतं. सोनेरी चिपला चुंबक काही करत नाही.

दुसरी वस्तू, कॅसेट. ही फार मोलाची आहे. कॅसेटच्या फितीवरही तसेच चुंबकाचे कण असतात आणि आवाज त्या कणांवर उमटलेला असतो. फितीला उघडा चुंबक चिकटून राहिला तर आवाज पुसट होतो, घरघर वाढते, आणि पुसलेला आवाज परत आणता येत नाही. पासबुक नवं मिळतं, आजीचा आवाज नवा मिळत नाही.

आपल्या आज्यांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या किती मोठा ठेवा आहे, हे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी ओळखलं. पुण्यात राहून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि त्यांतल्या हजारो ओव्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. आता त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. तुमच्याही घरात कुणाच्या लग्नातली धवलारीण, भोंडल्याची गाणी, भजन किंवा नुसतं घरातलं बोलणं असलेली कॅसेट असेल. ती स्पीकर, टेपरेकॉर्डर, मिक्सर यांच्यापासून हातभर लांब, कोरड्या डब्यात ठेवा. आणि ज्या कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर आहे त्यांच्याकडे जाऊन ती मोबाइलमध्ये उतरवून घ्या. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

तिसरी वस्तू, जुना फुगीर टीव्ही. असे टीव्ही आता कमी झालेत, पण अंगणवाडीत, समाजमंदिरात, माळ्यावर अजून दिसतात. त्याच्या काचेच्या पोटात मागून पडद्यावर तीन झोत येतात आणि लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांवर नेमके आपटतात. खळ्यावर धान्य वारवताना आडवा वारा आला की भूस कसं बाजूला उडतं? तसे चुंबक जवळ आला की हे झोत बाजूला सरकतात आणि भलत्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतात. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा, जांभळा डाग दिसतो. स्पीकर लांब केला की बहुतेक वेळा डाग जातो. पण आत एक लोखंडी जाळी असते, ती स्वतः चुंबक बनली तर डाग मागे राहतो. अशा टीव्हीत हा डाग काढायची सोय असते. टीव्ही मेन बटणावरून सुरू करताना ‘ढम्म’ असा आवाज येतो, तेव्हा ती चालते. टीव्ही बंद करून अर्धा तास थंड होऊ द्यायचा आणि मग सुरू करायचा. असं दोन-चार वेळा करूनही डाग राहिला तर मेकॅनिकला दाखवायचं. मागचं झाकण घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्या काचेच्या नळीत जीवघेणा विजेचा साठा राहिलेला असू शकतो.

चौथी वस्तू, होकायंत्र. आमच्या कोळी मैत्रिणींनी हे घरातल्या पुरुषांना जरूर सांगावं. होडीत गाण्यांसाठी स्पीकर बसवायची हौस असते. तो स्पीकर होकायंत्राजवळ बसवला तर सुई चुकीची दिशा दाखवेल, आणि धुक्यात, रात्री, पावसात ती चूक महागात पडेल. जहाजावरच्या यंत्रांना होकायंत्रापासून किती अंतरावर बसवायचं, हे आकडेच ठरवून दिलेले असतात. होडीतही स्पीकर लावायच्या आधी आणि लावल्यावर सुई बघा. जराही हलली तर स्पीकर दुसरीकडे. मोबाइलमधलं होकायंत्रही असंच फसतं. चुंबकाचं कव्हर काढून, मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की ते बहुधा ताळ्यावर येतं.

छातीतलं मशीन

आता सगळ्यात महत्त्वाचं. हृदयाचे ठोके नीट पडावेत म्हणून काही जणांच्या छातीत, कातडीखाली पेसमेकर बसवलेला असतो. काहींना धोक्याच्या वेळी झटका देऊन ठोके सुधारणारं मशीन बसवलेलं असतं. या मशीनमध्ये मुद्दाम एक चुंबकाची कळ ठेवलेली असते, म्हणजे डॉक्टरांना वरून चुंबक धरून तपासणी करता येते. पण ही कळ डॉक्टरांचा चुंबक आणि स्पीकरचा चुंबक यांत फरक करत नाही. जोरदार चुंबक छातीला टेकला तर पेसमेकर ठरावीक वेगावर चालू लागतो, आणि झटक्याचं मशीन त्या वेळेपुरतं आपली राखण थांबवतं. चुंबक दूर केला की सहसा मशीन पूर्ववत होतं.

म्हणून अशा माणसाने स्पीकरचा बॉक्स छातीशी कवटाळून उचलायचा नाही. हळदीच्या मांडवात स्पीकरला टेकून बसायचं नाही. मोबाइल, इअरफोन, हेडफोन छातीच्या खिशात किंवा गळ्यात लोंबत ठेवायचे नाहीत. ते मशीनपासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच लांब हवेत. मोठ्या स्पीकरपासून चार हात लांब बसलेलं बरं, कानालाही आणि छातीलाही. गरगरलं, घाबरं झालं, तर आधी चुंबकापासून बाजूला व्हायचं, आणि तरी बरं वाटलं नाही तर लगेच दवाखाना गाठायचा. ज्या डॉक्टरांनी मशीन बसवलं त्यांनी दिलेलं कार्ड सोबत ठेवायचं आणि शंका त्यांनाच विचारायची. मात्र घरातल्या टीव्हीवर, रेडिओवर खोलीच्या पलीकडून गाणी ऐकायला काहीच हरकत नाही.

याच्याच जोडीला लहान मुलांचं सांगतो. मोडक्या स्पीकरमधून, खेळण्यातून, इअरफोनमधून निघालेले बारके चुंबक मुलांच्या हाती देऊ नका. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या जागी असतानाही एकमेकांना चिकटतात आणि मधली आतडी चिमटली जाते, तिला भोकही पडू शकतं. वरून मूल बरं दिसलं तरी थांबायचं नाही. केळं चारून वाट बघायची नाही. त्याच घटकेला दवाखान्यात न्यायचं आणि चुंबक गिळलाय हे स्पष्ट सांगायचं.

कशाची काळजी नको

आता मन हलकं करू. चपटा एलईडी किंवा एलसीडी टीव्ही, कॉम्प्युटरचा चपटा पडदा आणि मोबाइलचा पडदा, यांचं चित्र स्पीकरने बिघडत नाही. टीव्हीखाली साउंडबार ठेवा, बिनधास्त. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत माहिती विजेच्या रूपात साठते, चुंबकाच्या नाही, म्हणून तीही सुरक्षित. कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकावर लिहिलेली असते खरी, पण तिच्या स्वतःच्या पोटातच जोरदार चुंबक बसवलेले असतात. घरच्या स्पीकरने ती पुसली जात नाही. तरी चालू हार्ड डिस्क स्पीकरवर ठेवू नका, कारण तिला हादरे सोसत नाहीत. गटाच्या हिशोबाचा कॉम्प्युटर असेल तर त्याला हेच लागू.

चपटा टीव्ही आला म्हणून उघडा स्पीकर कुठेही ठेवला तरी चालेल, असंही करू नका. विजेच्या मीटरला स्पीकर किंवा सुटा चुंबक चिकटवू नका. नव्या मीटरमध्ये जोरदार चुंबक जवळ आल्याची नोंद होते, आणि मीटरशी छेडछाड हा वीज कायद्याखाली गुन्हा आहे. कुणी ‘चुंबक लावा, बिल कमी येईल’ म्हणालं तर त्याला सरळ वाट दाखवा.

जुना स्पीकर घेताना त्याच्या पाठीला लोखंडी पिन लावून बघा. पिन घट्ट चिकटली तर तो उघडा आहे असं समजा. अगदी हलकी धरली किंवा धरलीच नाही तर झाकलेला असायची शक्यता जास्त. शेवटचा शब्द मात्र आपल्या सुईचा.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत चार कामं करू. गटाची पेटी उघडून पासबुकं पाहू. त्यावर काळी पट्टी आहे का, आणि पेटीत किंवा पेटीजवळ चुंबक आहे का ते बघू. सुईची चाचणी करून स्पीकरभोवती रेघ आखू. कुणाच्या घरी छातीत मशीन बसवलेलं माणूस आहे का ते विचारू आणि त्यांच्या घरच्यांना सहा इंचांची गोष्ट सांगू. आणि ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट आहेत त्यांची यादी करू, म्हणजे एखाद्या दुपारी सगळ्या मिळून त्या उतरवून घेता येतील. तुमच्या सुईने किती वितींचं अंतर दाखवलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात घरातल्या विजेच्या अर्थिंगबद्दल बोलू. तोवर नमस्कार.